संत्रं, मोसंबी, लिंबू आणि आलं: जूस कडू का होतो, आलं कधी जाळतं कधी लागतच नाही, आणि मशीन घ्यायचं का

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. संत्री, मोसंबी, लिंबू आणि आल्याचा तुकडा, सगळं सोलून एकत्र मिक्सरमधे फिरवता आणि गाळता. काढल्या काढल्या मस्त लागतो पण तासाभराने कडू. आलं एखाद्या दिवशी लागतच नाही आणि एखाद्या दिवशी घसा जाळतं. ग्लासच्या तळाशी पांढरा साका बसतो. आणि आता विचार चाललाय की महागातला स्लो जूसर घेऊन टाकावा का.

मी गेली सतरा वर्षं हेच काम करतोय, रोज सकाळी जूस काढणं, आणि घरच्यासाठी पण हातानेच काढतो. तर आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मशीन आत्ता घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारी मशीनमुळे आलेल्याच नाहीत, त्या आल्या आहेत "सगळं एकत्र" या दोन शब्दांमुळे. लिंबाच्या जातीच्या फळांना हलका हात लागतो आणि आल्याला जड हात लागतो. फळ जितकं कमी चिरडाल तितका रस चांगला, आलं जितकं जास्त चिरडाल तितकं चांगलं. ही दोन कामं एकाच भांड्यात एकाच वेळी करायला गेलात की एक तर फळ जास्त चिरडलं जातं, नाहीतर आलं कमी, आणि बहुतेक वेळा दोन्ही होतं.

आता कडवटपणाचं बघू, कारण मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो आणि लोक उगाच फळवाल्याला दोष देतात.

मोसंबी आणि काही जातीची संत्री, विशेषतः ती खालच्या टोकाला बेंबीसारखी गाठ असलेली नेव्हल संत्री, यांच्या पांढऱ्या सालीत, पाकळ्यांच्या पातळ पडद्यात आणि बियांत एक घटक असतो. फळ अख्खं असताना तो अजिबात कडू नसतो, म्हणून तुम्ही फोड सोलून खाल्ली तर गोडच लागते. पण पेशी फुटल्या आणि तो घटक रसातल्या आंबटात मिसळला की हळूहळू त्याचं रूप बदलतं आणि त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन प्रचंड कडू, रसाच्या दहा लाख भागांत पाच-सहा भाग असले तरी बऱ्याच जणांच्या जिभेला कळतं. आणि हे बदलायला वेळ लागतो, म्हणूनच काढल्या काढल्या चव चांगली असते आणि मग बसल्या बसल्या कडू होत जाते, यालाच उशिराने येणारा कडवटपणा म्हणतात. गरम केलंत तर अजून लवकर येतो. फळ पूर्ण पिकलेलं असेल तर मूळचा घटकच कमी झालेला असतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीची फळं जास्त कडू होतात आणि नंतरची कमी, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

ग्रेपफ्रूट आणि पपनसाचा कडूपणा मात्र वेगळा, तो नारिंजिनचा, आणि तो पहिल्या घोटापासूनच असतो, तिथे वाट बघायची गरज नाही. त्यामुळे जूस पहिल्यापासून कडू आहे की नंतर झाला हे आधी बघायचं, त्यावरून अर्धं निदान होतं. तुमचा नंतर होतोय म्हणजे लिमोनिन, म्हणजे पडदे आणि बिया.

आणि मिक्सर नेमकं काय करतो? पडदे, पांढरा भाग, एखाद-दोन राहिलेल्या बिया, सगळ्याचं पीठ करतो. मग तुम्ही कितीही बारीक गाळणीतून गाळलं तरी जे उतरायचं ते रसात उतरलेलं असतं. गाळणी चोथा अडवते, कडूपणा नाही.

मला हे कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी समजलं आणि ते मी विसरणार नाही. सकाळी एका कार्यक्रमाला जूस द्यायचा होता, मी आदल्या रात्री मोसंबीचा जवळजवळ वीस लिटर रस काढून फ्रिजमधे ठेवला, रात्री चाखला तेव्हा मधासारखा, सकाळी चाखला तर तोंडात घेववेना. साखर घातली, मीठ घातलं, संत्र्याचा रस मिसळला, काही उपयोग झाला नाही, सगळा ओतून दिला आणि पुन्हा पहिल्यापासून काढला. तेव्हापासून नियम ठेवलाय की मोसंबीचा रस पिण्याच्या आधी अर्ध्या तासात काढायचा, साठवायचा असेल तर त्यात मोसंबी नाहीच, फक्त संत्रं आणि लिंबू. ही एक गोष्ट जरी केलीत तरी तुमची निम्मी तक्रार जाईल.

थोडासा कडूपणा आला असेल तर चिमटीभर मीठ घालून बघा. साखरेपेक्षा मीठ कडूपणा चांगला दाबतं, आणि इतकं कमी लागतं की खारट लागत नाही. पण ते झाकणं झालं, मूळ दुरुस्ती पिळण्यातच आहे.

पिळण्याबद्दल बोलतो. फळ फ्रिजमधून काढून लगेच पिळू नका, थंड फळातून रस कमी येतो. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग ओट्यावर तळहाताने दाबून गोल गोल फिरवा, आतले रसाचे कप्पे सुटे होतात. आधी धुवा मात्र, वाहत्या पाण्याखाली चोळून, कारण सालीवर जे काही असेल ते सुरी आत नेते आणि पिळताना हात तिथेच लागतो. साल टाकूनच द्यायची आहे मग कशाला धुवायची असं बरेच जण म्हणतात, पण ताज्या रसात जंतू येतात ते बहुतेक सालीवरूनच.

कापायचं आडवं, देठ वर धरून मधोमध, उभं नाही. आडवं कापलं की सगळ्या पाकळ्या उघड्या पडतात आणि बिया समोर दिसतात, सुरीच्या टोकाने काढून टाका. मग त्या साध्या उंचवट्याच्या हातपिळणीवर, ती प्लास्टिकची असो की काचेची, दाबून दोन-तीन वेळा फिरवायचं आणि थांबायचं. इथेच सगळे चुकतात. शेवटचा थेंब काढायच्या नादात पांढरी साल दिसेपर्यंत घासतात. शेवटच्या त्या चमचाभर रसात कडूपणा सगळ्यात जास्त असतो, तो सोडून द्या. मी नवीन मुलांना शिकवताना सांगतो की वाटी रिकामी झाली की नारिंगी पडदे तसेच चिकटलेले दिसले पाहिजेत, पांढरं दिसलं म्हणजे जास्त झालं.

इलेक्ट्रिक हातपिळणी असेल तर अजून जपून, मोटर आपल्या मनगटापेक्षा जास्त घासते आणि आपल्याला कळत नाही.

सालीतल्या तेलाचं पण समजून घ्या. वरच्या रंगीत सालीत बारीक तेलाच्या पिशव्या असतात, साल वाकवली की फवारा उडतो तो. त्या तेलात, संत्र्याच्या बाबतीत, ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन (limonene) असतं, ते वरच्या कडू लिमोनिनपेक्षा (limonin) वेगळं, नावं जवळची आहेत म्हणून गोंधळ होतो, त्यामुळे मी याला लिमोनीन न म्हणता सालीचं तेलच म्हणतो आणि कडू घटकाला लिमोनिन. सालीच्या तेलाचे दोन-चार थेंब रसात आले तर वास अप्रतिम येतो, जास्त आले तर ओठ चुरचुरतात आणि रस ठेवला की रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागतो. लिंबू पकडीत पिळताना हे नेहमी होतं, कारण पकड साल उलटी करून दाबते. कापलेली बाजू भोकांकडे ठेवून एकदाच सरळ दाबायचं, पुन्हा पुन्हा दाबायचं नाही.

फळ कसं निवडायचं, दोन वाक्यात सांगतो. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे, साल पातळ आणि गुळगुळीत असली पाहिजे. रंगावर जाऊ नका, संत्र्याची साल केशरी व्हायला थंड रात्री लागतात, उबदार हवेत हिरवट सालीचं फळही आतून पूर्ण पिकलेलं असतं.

आता आलं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण आल्यावर कोणी मेहनत घेत नाही, तुकडा टाकला की झालं असं समजतात.

आल्याचे दोरे लांबीला उभे असतात. उभं किसलं की दोरे किसणीत अडकतात आणि रस चोथ्यातच राहतो. आधी दोऱ्यांना आडवं, पातळ चकत्या कापा, मग पाहिजे तर किसा किंवा वाटा. आडवं कापलं की दोऱ्यांचे तुकडे पडतात आणि रस सुटतो. कोवळं आलं, पातळ सालीचं, रसाळ असतं पण तिखटपणा कमी. जून आलं दोरेवालं, तिखट. तुम्ही एकदा कोवळं आणि एकदा जून वापरत असणार, म्हणून एक इंच तुकडा हे माप तुम्हाला दर वेळी वेगळा तिखटपणा देतंय. इंच मोजणं सोडा, रस काढून चमच्याने मोजा. आल्याची तक्रार या एका बदलाने सुटते, खरंच.

साल चमच्याच्या कडेने खरवडली की पुरे, खाचाखोचांतली माती मात्र नीट काढा, गाठी मोडून धुवा. मऊ पडलेला, बुरशी आलेला भाग नुसता कापून उरलेलं वापरू नका, अख्खी गाठ टाकून द्या.

रस काढायच्या तीन पद्धती मी वापरतो. थोडाच हवा असेल तर बारीक किसणीवर किसून, किस मुठीत घेऊन वाटीत पिळायचा, दोन ग्लासांना एवढं बास. जास्त हवा असेल तर चकत्या मिक्सरच्या छोट्या भांड्यात अगदी दोन-तीन चमचे पाणी घालून एकदम बारीक वाटायच्या, इथे मिक्सर दणकून चालवा, आल्याला हरकत नाही, मग स्वच्छ सुती फडक्यात घालून पिळून काढायचं. आणि तिसरी माझी सगळ्यात आवडती, आलं चकत्या करून फ्रीझरमधे रात्रभर ठेवायचं आणि सकाळी बाहेर काढून मऊ होऊ द्यायचं. बर्फ होताना आतल्या पेशी फुटतात, मग ते आलं नुसतं हाताने दाबलं तरी स्पंजासारखं रस सोडतं. किसायचं असेल तर उलट, गोठलेलं असतानाच किसा, दोरे त्रास देत नाहीत.

रस निघाला की लगेच मिसळू नका. वाटीत दहा-पंधरा मिनिटं न हलवता ठेवा. तळाला पांढरा थर बसेल. तुम्ही विचारलेला साका हाच, हा आल्यातला स्टार्च आहे, खराब काही नाही, पण जिभेवर खडूसारखा लागतो, आणि हाच रस गरम पाण्यात घातला तर पेय चिकट होतं. वरचा रस अलगद दुसऱ्या वाटीत ओतून घ्या, पांढरा थर टाकून द्या. मात्र ओतून घेतलेला रस पुन्हा राहिला तर वापरण्याआधी ढवळा, कारण आल्याचा तिखटपणा ज्या घटकाचा आहे, जिंजेरॉल, तो पाण्यात फारसा विरघळत नाही, बारीक कणांना धरून असतो. न ढवळता ओतलं तर पहिला ग्लास फिका आणि शेवटचा जाळणारा. एका दिवशी घसा जाळला त्याचं एक कारण हेही असू शकतं.

याच कारणामुळे पिळलेला चोथा पण तिखट राहतो. तो टाकू नका, कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा, वेगळंच हलकं पेय होतं.

सुंठ घातली तर चालेल का असं पण पुष्कळ जण विचारतात. चव वेगळी येते. आलं वाळताना जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते ताज्या आल्यापेक्षा जास्त तिखट असतं, आणि ताज्या आल्याला जो लिंबासारखा वास असतो तो सुंठीत उरत नाही. हा लिंबासारखा वास नुसता भास नाहीये, लिंबाच्या वासाचा मुख्य घटक सिट्रल आहे आणि तोच सिट्रल ताज्या आल्यातही असतो. म्हणून तर लिंबू आणि आलं एकमेकांत इतके बेमालूम मिसळतात, कुठलं कुठे संपलं कळत नाही. मला या जोडीचं सतरा वर्षांनंतरही अप्रूप आहे.

मिसळण्याचं प्रमाण. दोन ग्लासांसाठी मी साधारण ४०० मिली संत्र्याचा, किंवा संत्रं-मोसंबी मिळून, रस घेतो, मध्यम आकाराची सहाएक फळं लागतात, रसाळ असतील तर पाच. त्यात लिंबाचा रस १५ ते २० मिली, म्हणजे मोठा चमचा ते सव्वा. आणि आल्याचा रस आधी फक्त ५ मिली, एक छोटा चमचा. ढवळायचं, एक घोट घ्यायचा आणि मिनिटभर थांबायचं. थांबायचं अशासाठी की आल्याचा तिखटपणा जिभेवर लगेच येत नाही, मागून घशात चढतो. जिंजेरॉल आपल्या तोंडातल्या त्याच जाणिवेला चेतवतं जी मिरचीला आणि गरम पदार्थाला चेतवते, म्हणून ते जाळल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला वाढत जातं. लोक पहिल्या घोटाला लागलं नाही म्हणून अजून एक चमचा घालतात आणि अर्धा ग्लास संपेपर्यंत डोळ्यात पाणी येतं. मिनिटभराने कमी वाटलं तर अजून अर्धा चमचा घाला, असं करत १० मिलीपर्यंत जा, ४०० मिलीला त्याच्या वर मी घरच्या माणसांना देत नाही. अजून एक, थंड रसात तिखट कमी जाणवतं, म्हणून जितका थंड पिणार असाल तितकाच थंड करून चाखा, कोमट असताना चाखून मग फ्रिजमधे ठेवला तर नंतर फिका वाटेल.

लिंबू एवढंसं का, तर हिशोब बघा. संत्र्याच्या रसात आम्ल साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडं कमी असतं, लिंबाच्या रसात पाच ते सहा टक्के. म्हणजे ४०० मिली संत्र्याच्या रसात तीन-साडेतीन ग्रॅम आम्ल धरलं तर २० मिली लिंबू त्यात अजून एक-सव्वा ग्रॅम टाकतं, एवढ्याशा रसाने आंबटपणा तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. संत्री आंबट असतील तर लिंबू निम्मं करा, मिळमिळीत गोड असतील तर पूर्ण घाला. लिंबू नेहमी शेवटी, चाखून. साखर मी घालत नाही, गोडी कमी वाटली तर अजून एक पिकलं संत्रं पिळा.

आता मशीन. हातपिळणी लिंबाच्या जातीसाठी कुठल्याही महाग मशीनपेक्षा चांगली आहे, हे मी तीनही प्रकारची मशीनं रोज वापरून सांगतोय. जाळीत जोरात फिरणारा साधा जूसर हवा मिसळतो, फेस येतो, आणि सोललेली अख्खी फोड त्यात जाते म्हणजे पडदे परत आलेच. स्लो जूसर मळसूत्राने हळू दाबतो, फेस कमी, चोथा कोरडा, आल्याला तो खरंच उत्तम, पण संत्र्याच्या फोडी घातल्या तर पडदे तोही दाबतोच आणि उशिराने येणारा कडूपणा त्यातही येतो. रोज गाजर, बीट, पालेभाज्या, भरपूर आलं असा रस काढणार असाल तर घ्या. फक्त संत्रं-लिंबू-आल्यासाठी एक हातपिळणी, एक बारीक किसणी, एक गाळणी आणि फडकं यात सगळं होतं. मिक्सरच्या उष्णतेने जीवनसत्त्वं मरतात म्हणून स्लो जूसर घ्या असं सांगतात, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, अर्ध्या-एक मिनिटात रस जरासा कोमट होतो इतकंच.

मिक्सरच हवा असेल तर मग फोडींवरचे पडदे सोलून फक्त गर घाला, बिया एकूणएक काढा, आणि बटण दाबून सोडून दाबून सोडून असं तीन-चार वेळाच. चोथा आवडणाऱ्यांना हा रस छान लागतो.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. तांब्या-पितळेच्या किंवा अल्युमिनियमच्या भांड्यात हा रस ठेवू नका, आंबटामुळे धातू रसात उतरतो, आणि तांबं तर क जीवनसत्त्वाचा नाश पण वेगाने करतं.

क जीवनसत्त्वाचा विषय निघालाच तर एक जुनी गोष्ट सांगतो, मला ती फार महत्त्वाची वाटते. १७४७ मधे जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झालेल्या १२ खलाशांच्या दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबं दिली ते काही दिवसांतच सुधारले. पण पुढे समुद्रावर फळं टिकत नाहीत म्हणून त्याने रस तापवून आटवून साठवायची पद्धत सुचवली, आणि त्या आटवलेल्या रसात तो गुण फारसा उरलाच नाही, तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. उष्णता, हवा आणि वेळ, तिघांनीही क जीवनसत्त्व घटतं. मात्र घाबरून जायचं कारण नाही, काढल्यापासून पाच मिनिटांत प्यायलंच पाहिजे नाहीतर फुकट असंही काही नाही, गार, बंद बाटलीत एका दिवसात होणारी घट थोडीच असते. चव त्याच्या कितीतरी आधी उतरते.

साठवायचं असेल तर संत्रं आणि लिंबू, मोसंबी वगळून. काचेची बाटली गरम पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करा, रस तोंडापर्यंत भरा म्हणजे आत हवा राहत नाही, झाकण घट्ट, फ्रिजच्या दारात नाही तर आत मागच्या बाजूला, ४ अंशांच्या आसपास. मी २४ तासांच्या वर ठेवत नाही. वर पाणी आणि खाली गर असं फुटलं तर तो खराब झाला असं नाही, फळातलंच एक एन्झाइम पेक्टिन मोडतं आणि गर खाली बसतो, हलवून प्या. बाजारात मिळणारा रस तसा फुटत नाही कारण तो तापवून ते एन्झाइम निकामी केलेलं असतं. पण झाकण उघडताना फस्स झालं, बुडबुडे दिसले किंवा वास आंबूस आला तर सरळ ओतून द्या. आल्याचा रस आणि लिंबाचा रस मात्र बर्फाच्या ट्रेमधे वेगवेगळे गोठवून ठेवता येतात, एका कप्प्यात किती मिली मावतं ते एकदा मोजून ठेवा. सकाळी फक्त संत्री पिळायची आणि एक-एक खडा टाकायचा, ऑफिसला जायच्या घाईत हेच जमतं.

काही काळजीच्या गोष्टी आहेत, त्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रेपफ्रूट किंवा पपनस यात घालणार असाल आणि घरात कुणी कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची गोळी घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्या फळांतले घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद करतात आणि काही औषधं रक्तात भलतीच वाढतात, एकदा प्यायल्याचा परिणाम दिवसभराहून जास्त राहू शकतो, त्यामुळे गोळी रात्री आणि जूस सकाळी अशी पळवाट चालत नाही. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर आल्याच्या रसाबद्दलही विचारून घ्या. पित्ताचा, जळजळीचा त्रास असणाऱ्याने उपाशीपोटी हा जूस घेऊ नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच जूस नको. मधुमेह असेल तर लक्षात ठेवा की २५० मिली संत्र्याच्या रसात २० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि ती अडवायला चोथा नसतो, अख्खं फळ खाल्लेलं बरं.

दातांचं पण. हा रस इतका आंबट असतो की दातांचं वरचं आवरण थोडा वेळ मऊ पडतं. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश मात्र तासभर करू नका. दिवसभर घोट घोट घेत बसण्यापेक्षा एकदाच पिऊन मोकळं व्हा.

आणि हात धुवा. हे मी खास सांगतोय कारण माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने भर दुपारी बाहेर उन्हात बसून दोन तास लिंबं पिळली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातावर भाजल्यासारखे फोड आले, डाग जायला महिने लागले. लिंबाच्या सालीतले काही घटक कातडीवर असताना ऊन लागलं की असं होतं. पिळून झालं की साबणाने हात मनगटापर्यंत धुवा, मग बाहेर जा.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक करून बघा, मोसंबी वाया जाईल ती एखाद-दुसरीच. एकाच गठ्ठ्यातली दोन फळं घ्या. एक आडवं कापून, बिया काढून हातपिळणीवर हलक्या हाताने पिळा. दुसरं सोलून, पडदे-बियांसकट मिक्सरमधे एक मिनिट फिरवून गाळा. दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा आणि लगेच चाखा, फारसा फरक कळणार नाही. झाकून ठेवा आणि दोन-तीन तासांनी परत चाखा.